या उजेडात सही नाही

विनताताई पिंपळीकर हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्यात आल्या त्या नवऱ्याच्या जागी. ते ड्युटीवर असतानाच गेले. अनुकंपेची नोकरी मिळाली तेव्हा ताई चाळिशी ओलांडलेल्या होत्या. वजन उचलायचं काम नको म्हणून त्यांना तपासणीत बसवलं, माझ्या शेजारच्या टेबलावर.

काम दिसायला सोपं. हातभर लांबीच्या पोलादी नळ्या यायच्या, आतून आरशासारख्या घासलेल्या. एका टोकाला टॉर्च धरायचा आणि दुसऱ्या टोकातून पाहायचं. केसाएवढा ओरखडा दिसला तरी नळी बाजूला काढायची. या नळ्या जड गाड्या उचलायच्या जॅकमध्ये बसतात. आत ओरखडा राहिला तर तेल झिरपतं, आणि वर उचललेली गाडी खालच्या माणसावर येते.

पहिल्याच महिन्यात ताईंनी पास केलेल्या दोन नळ्या परत आल्या. सगळ्यांसमोर बोलणी बसली. ताईंनी त्या नळ्या दुपारच्या सुट्टीत उन्हात नेऊन पाहिल्या, तर ओरखडे स्पष्ट होते. म्हणजे डोळे ठीक होते, उजेडच कमी पडत होता. त्या रविवारी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन, सहा दुकानं नाकारून, सातव्या दुकानातून त्यांनी ॲल्युमिनियमचा एक टॉर्च आणला.

तो टॉर्च सोळा वर्षं चालला. एकदा उंचावरून फरशीवर पडला, एकदा मालाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली जाता जाता वाचला आणि पोचा घेऊन बसला. काच एकदा बदलली, बटण दोनदा. जुना बल्ब मिळेनासा झाला तेव्हा सराफ्यातल्या एका घड्याळवाल्याकडून त्यांनी आत एलईडी बसवून घेतला. दर शनिवारी टेबलावर कागद पसरून त्या टॉर्च खोलायच्या. आटे फडक्यानं पुसायच्या, सेल टेकतात ती पट्टी खोडरबरानं घासायच्या, रबरी रिंगला बोटभर ग्रीस लावायच्या. लांब रजेवर जाताना सेल काढून ठेवायच्या. नवा सेल जुन्याबरोबर कधीच घालायच्या नाहीत.

"दीदी, पूजा हो गई?" मशीनवरचे लोक विचारायचे.

"पूजा असती तर हात जोडले असते," ताई म्हणायच्या. "मी घासून राहिले."

मग दिवाकर मुळे साहेब आमच्या विभागाचे प्रमुख होऊन आले. आपलेच मराठी, नागपूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर जीव. त्यांनी आदेश काढला की घरून आणलेलं कुठलंही साधन तपासणीत वापरायचं नाही. सगळ्यांना एकसारखे पिवळे प्लॅस्टिकचे टॉर्च मिळाले, एकूण चाळीस.

पहिले काही दिवस ते झकास चालले. मग एकेक मंद व्हायला लागला, एकेकाचं बटण दोनदा दाबावं लागायला लागलं. आम्ही टॉर्च तळहातावर आपटायचो, नळीत डोकावायचो आणि सही करायचो. मीही केली.

ताईंनी एका सकाळी बासष्ट नळ्या तपासल्या आणि तपासणीच्या कागदावर सहीच्या जागी लिहिलं, "या उजेडात आतला भाग दिसला नाही."

मुळे साहेब स्वतः टेबलाशी आले. "पिंपळीकर बाई, हे काय लिहिलंय?"

"जे झालं ते."

"बाकी सगळ्यांना दिसतं, तुम्हालाच काहून दिसत नाही?"

"त्यांना विचारा. सही माझी आहे, तर डोळे माझे पाहिजेत. दिसलं नाही ते दिसलं म्हणून मी लिहिणार नाही."

"माल अडून राहिलाय, वरून विचारतायत!"

"मग माझा टॉर्च वापरू द्या, तासाभरात मोकळा करते. नाहीतर हा पिवळा घ्या आणि तुम्हीच पाहा. दिसला ओरखडा तर मी माफी मागते."

साहेबांनी टॉर्च हातात घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ताईंची बदली हत्यारांच्या स्टोअरमध्ये झाली आणि त्या बासष्ट नळ्या माझ्या टेबलावर आल्या. मी त्या पास केल्या. त्यांचं पुढे काही झालं नाही, किंवा झालं असेल तर आमच्यापर्यंत आलं नाही. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

स्टोअर म्हणजे शिक्षेची जागा. पत्र्याची खोली आणि एक खिडकी. हत्यार द्यायचं, घ्यायचं, वहीत लिहायचं. तिथे एका खोक्यात आमचे मेलेले पिवळे टॉर्च भंगारात जायची वाट पाहत पडले होते, सव्वीस. ताईंनी ते एकेक खोलले. संध्याकाळी मी गेले तेव्हा त्यांच्या पुढ्यात पांढऱ्या बुरशीसारखा चुरा सांडला होता.

"दीपा, इकडे ये. मी चुकले होते."

"कशात?"

"मी म्हणत होते, टॉर्चच फालतू आहे. तसं नाही. बघ, सेल गळलेत. नवे-जुने मिसळून कोंबलेत. स्प्रिंग गंजून गेलीय. तीन महिन्यांत कोणी एकदा उघडून पाहिलं नाही." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "यातला एक तुझाही असेल."

होता. टॉर्चवर नंबर होते.

व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं त्यांनी पट्ट्या साफ केल्या, स्प्रिंगा घासल्या. सव्वीसमधले एकोणीस लागले. मग खिडकीवर हातानं लिहिलेला कागद चिकटला: टॉर्च परत करताना झाकण उघडून दाखवा, गळका सेल असेल तर आधी साफ करा, मगच दुसरा टॉर्च मिळेल.

लोक भडकले. "दीदी, हमको काम करना है कि सफाई?" ताई खिडकीतून म्हणायच्या, "पहले ढक्कन खोलो भैया." दोघांनी तक्रार केली. मुळे साहेब खिडकीशी आले, योगायोगानं त्यांच्या हातातही बंद पडलेला टॉर्च होता.

"हा नियम कोणी काढला?"

"मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी मागितली असती तर तुम्ही दिली नसती. झाकण उघडा साहेब."

"पिंपळीकर बाई, मी दुसरी बदलीही करू शकतो."

"करा. जिथं पाठवाल तिथं काहीतरी उघडून पाहीनच."

रांगेतलं कोणीतरी हसलं. साहेबांनी झाकण फिरवायला घेतलं. ते फिरेना, आतला सेल फुगून अडकला होता. ताईंनी पकड पुढे केली आणि बाजूला सरकून त्यांना जागा दिली. साहेबांची बाही पांढरी झाली. तक्रारीवर पुढे काहीच झालं नाही. पण कागदही खिडकीवरून निघाला नाही.

ताईंना निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा साहेबांनी मला निरोप देऊन पाठवलं. तपासणीत परत या, स्वतःचा टॉर्च वापरा, लेखी परवानगी देतो. मी धावतच स्टोअरला गेले.

ताईंनी ऐकून घेतलं. हातातल्या पान्याच्या आट्यांवरचा चिखल पुसत राहिल्या.

"पाठवलं तेव्हा विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता बोलावलं म्हणून मी काहून जाऊ? सांग त्यांना, लेखी परवानगी तुझ्या नावानं करा. मग या उजेडात दिसत नाही म्हणायला तुला कोणाकडे पाहावं लागणार नाही."

मी साहेबांना तसंच सांगितलं, एक शब्द न गाळता. परवानगी माझ्या नावानं निघाली. रविवारी मी फुहाऱ्याला गेले आणि मला माझा टॉर्च नवव्या दुकानात मिळाला.