दादाच्या फळ्यावरचं माझं गाणं

तार मंगळवारी आली. मंगळवार हा आमच्याकडे दादाच्या पोस्टकार्डाचा दिवस, त्यामुळे सायकलची घंटा ऐकून मी हात पुसत बाहेर आले ती जरा घुश्शातच. कार्डात काय असणार ते मला ठाऊक होतं. सांगलीच्या फळ्यावरची दहा गाणी असणार आणि त्यांत माझं नसणार. दारात टपालवाला नव्हता, तारवाला होता. इंग्रजीतले ते चार शब्द मला वाचता येईनात. यजमान कचेरीतून येईपर्यंत तो कागद हातात धरून मी ओट्यावर बसून राहिले… वाचता येत नव्हतं, तरी कळलं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं आणि त्या धांदलीत त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. सांगलीला हळदपेठेजवळ एका शेठजींचं ग्रामोफोनचं दुकान होतं, तिथे तो नोकरीला. येणारेजाणारे त्याला मास्तर म्हणत. तबकड्या विकत घेणारे थोडे, फुकट ऐकायला येणारे उदंड. शेठजी कुरकुरायचे. मग दादानं एक युक्ती काढली. फळीवर पत्र्याचे डबे मांडले, प्रत्येकावर एकेका गाण्याचं नाव. ज्याला जे गाणं ऐकायचं असेल त्यानं पेठेत सांडलेलं एक हळकुंड उचलून आणायचं आणि त्या डब्यात टाकायचं. शनिवारचा बाजार उठला की रविवारी सकाळी दादा डबे पालथे करी, हळकुंडं मोजी आणि दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं दहा गाणी क्रमानं लिही. वरच्या गाण्यांच्या तबकड्या खपू लागल्या, तशी शेठजींची कुरकुर थांबली. नियम एकच, दुकानातल्या माणसानं हळकुंड टाकायचं नाही. स्वतः दादानंही नाही.

त्या फळ्याचं सांगलीला भारी वेड. कुठलं चढलं, कुठलं आपटलं, यावर चहाच्या दुकानात वाद झडत. एखादं गाणं एखाद्या लग्नाच्या मांडवात इतकं वाजे की पुढच्या आठवड्यात पहिल्यावरून थेट नवव्यावर घसरे. कृष्णेला पाणी आलं की खेड्यांतली माणसं बाजाराला येऊ शकत नसत, तेवढ्यात गावातल्यांची भावगीतं वर चढून बसत. पाणी ओसरलं की लावण्या पुन्हा आपल्या जागी. "पूर किती आहे हे मला घाटावर जाऊन बघावं लागत नाही," असं दादा म्हणे.

या सगळ्यांत माझंही एक गाणं होतं. मी सोळा वर्षांची असताना तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं यंत्र घेऊन कोल्हापूरला उतरली होती, तेव्हा दादा मला घेऊन गेला. नावाडी निघून जाऊ नये म्हणून नाव धरून ठेवणाऱ्या मुलीचं ते गाणं. तबकडीवर माझं नाव नाही, नुसतं 'एक सांगलीकर भगिनी'. घरी ती पहिल्यांदा लावली तेव्हा दुसऱ्या कडव्याशी यंत्र मंदावलं आणि माझा आवाज एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा झाला. मला रडूच फुटलं. दादा उठला, चावी देत म्हणाला, "थांब, दम घे जरा." पुढे ती तबकडी लागली की नेमकी तिथेच चावी द्यावी लागे आणि तो प्रत्येक वेळी हेच म्हणे.

लढाई सुरू झाली त्या वर्षी मी लग्न होऊन साताऱ्याला आले. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "गाणंबिणं आमच्या घरात चालायचं नाही हं." त्या वाईट नव्हत्या, पण त्यानंतर मी कधी गुणगुणलेही नाही. पहिलं मूल गेलं. दुसरंही गेलं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी दादाला लिही. तो सांत्वनाच्या चार ओळीही लिहीत नसे, त्याला ते जमतच नसे. कार्डात फक्त दहा गाणी आणि खाली एखादी ओळ, "या आठवड्यात तुझं दुसरं आलंय! सांगलीकरांचं काही सांगता येत नाही बघ." खरंच सांगता येत नसे. महिनोन्‌महिने पत्ता नाही, मग एकदम दुसरं, कधी पहिलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गुडुप. दुसरं कुठलंच गाणं असं वागत नसे. मला मात्र तेवढं पुरे. आपण या घरात मुक्या असलो तरी तिकडे बाजारात कुणीतरी आपल्याला मागतंय, एवढ्यावर मी ते दिवस काढले.

मग श्रीधर झाला आणि जगला. माझी पत्रं त्याच्या दातांनी, पावलांनी भरून गेली. आणि दादाच्या यादीतून माझं गाणं नाहीसं झालं. सहा महिने झाले, वर्ष झालं. सांगली विसरली मला, असं मनानं घेतलं आणि राग काढला तो दादावर. पत्रं तुटक लिहू लागले. शेवटच्या कार्डात दहाव्या गाण्याखाली त्यानं लिहिलं होतं, "थोडा ताप येतो. जमल्यास ये." मी गेले नाही. श्रीधरला सर्दी आहे, असं कळवलं. सर्दी नव्हती. हे आज इथे लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय उरलेली नाही.

दादाच्या तेराव्यानंतर मी सांगलीला त्याच्या खोलीत गेले. लढाईत तबकड्यांना लागणाऱ्या लाखेची टंचाई होती तेव्हा शेठजींनी जुन्या तबकड्या मोडीत काढल्या होत्या. माझी दादानं धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली निघाली. वाजून वाजून तिच्या रेघा पांढऱ्या पडल्या होत्या. पाकिटात तबकडीसोबत माझी पत्रं होती, सगळी नव्हेत, दुःखाची तेवढीच. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं एक आकडा, त्या आठवड्यातला माझ्या गाण्याचा फळ्यावरचा क्रमांक. पहिलं मूल गेल्याच्या पत्रावर दोन. दुसऱ्याच्या पत्रावर एक.

म्हणजे सगळं खोटं होतं तर! कुणी मला मागितलंच नव्हतं… तशीच उठून मी दुकानाशी गेले. पायरीवर तुकाराम बसला होता, वडूजकडचा म्हातारा हमाल, दादाच्या रोजच्या बैठकीतला. मी त्याला सरळच विचारलं, "मास्तर माझं गाणं मनानंच वर चढवायचे का हो?"

"न्हाई ताई, न्हाई," तो कळवळून म्हणाला. "मास्तरांनी डब्याला कवा हात न्हाई लावला. पर तुमचं तसलं पत्र आलं की त्या आठवड्यात दुसरी प्लेटच न्हाई लावायचे बगा. सकाळधरनं तीच. दार सताड उघडं. मग बाजारची मानसं आत याची, म्हनायची, मगाचं त्ये गानं लावा की परत. आवं, मी सोता हळकुंड टाकलंया. लय येळा टाकलंया."

मी त्या पायरीवरच बसले. म्हणजे मी सुखात होते म्हणून ते गाणं फळ्यावर नव्हतं. आणि मी त्याच्यावर रुसले होते.

दुकानात आता नवा माणूस आहे. फळ्यावर तो तबकड्यांचे भाव लिहितो. माझ्या गाण्याचा डबा तुकारामनं शोधून दिला, तो मी साताऱ्याला आणला. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या बरणीतून एक हळकुंड काढून त्यात टाकलं, दादाचं म्हणून. त्याचा नियम मोडला, पण आता तो दुकानातला माणूस राहिलेला नाही.

आमच्याकडे ग्रामोफोन नाही. मंगळवारी टपालवाला दारावरून सरळ पुढे जातो. तो गेला की मी श्रीधरला मांडीवर घेते आणि हळू आवाजात ते गाणं म्हणते. सासूबाई आत असतात, त्यांना ऐकू जातं, पण हल्ली काही बोलत नाहीत. पहिलं कडवं नीट होतं. दुसऱ्याशी आवाज उतरतो, खाली खाली जातो, आणि सवयीनं मी थांबते… चावी द्यायला कुणी उठत नाही.