सहा पाडायची आहेत

माझी मुलगी जळालेल्या मोटारी दुरुस्त करते. गाड्या नव्हेत; पंख्यात, पंपात असते ती विजेची मोटार. आतली करपलेली तांब्याची तार उलगडायची, वेढे मोजायचे आणि तितकेच नवे वेढे त्याच चालीने भरायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दुकानातले बाकीचे कारागीर दिवसाला तीन मोटारी उरकतात, ही दोन करते. पण तिच्या हातची मोटार परत येत नाही, असं मालक म्हणतात. तिला नाही, मला.

घरात तिला गोगलगाय म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ती दिलेल्या तारखेनंतर बारा दिवसांनी जन्मली, दीड वर्षाची झाल्यावर चालली, आणि वर्गातल्या मुलींचे पक्के दात येऊन झाले तेव्हा कुठे हिचे दुधाचे हलायला लागले. वरचे दोन सुळे तर ठाण मांडून बसले. मग पक्के सुळे त्यांच्याही वर, हिरडीत उंच, बाहेर झुकून आले. हसताना ती ओठ मिटायची. मी म्हणायचे, येतील हळूहळू खाली. तेव्हाच दाखवायला हवं होतं का? कोणी हो म्हणतं, कोणी नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

चोविसाव्या वर्षी तिने स्वतःच्या पगारातून दातांना तारा बसवून घेतल्या. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही कितीची तार?" बाईंना वाटलं किंमत विचारतेय. हिला जाडी हवी होती. सुळ्यांना जागा व्हावी म्हणून बाईंनी त्यांच्या मागची एकेक छोटी दाढ काढली. आता सुळे मागे सरकून फट बुजवायची. वर्ष तरी लागेल, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पत्र आलं. मालवाहू जहाजावर विजेच्या कामासाठी तिने अर्ज केला होता, हेही आम्हाला त्या पत्रावरून कळलं. गोगलगाय, पोटात पाय. सात महिन्यांनी रुजू व्हायचं, नऊ महिने समुद्रावर. एक अट होती: दातांचा कसलाही उपचार चालू नको.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हटलं. "भर समुद्रात तार तुटली तर कोण जोडणार?"

"मी."

"स्वतःच्या तोंडात?"

"आरसा असेलच की जहाजावर."

यापुढे तिने काही सांगितलं नाही. आठ दिवसांनी दवाखान्यातल्या मदतनीस ताईंचा घरी फोन आला. मुलगी कामावर फोन बंद ठेवते. ताई घाईत होत्या. "उद्या चार वाजता पाठवा तिला. सहा पाडायची आहेत. पोटभर खाऊन यायला सांगा." आणि ठेवला.

सहा. दोन आधीच गेलेत. रात्री तिला विचारलं तर म्हणाली, "हो, माहीत आहे मला," आणि झोपायला गेली. मी बोटांवर हिशेब करत बसले, पुढचे किती, मागचे किती.

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारला दवाखान्यात हजर. मुलगी खुर्चीत आडवी, गळ्याशी कागदी रुमाल. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "सहा दात पाडल्यावर हिच्या तोंडात राहणार काय?" बाहेर बाकावर गाल सुजलेले एक गृहस्थ होते, ते उठून रस्त्याकडच्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

मुलीने डोळे मिटून घेतले. "आई, दात पाडायचे असतात. पाडायची म्हणजे भोकं. मराठी घेऊन पदवीधर झालीस ना तू?"

झाले होते. नपुंसकलिंगी अनेकवचन मला ऐकू यायला हवं होतं. पण भोकं? ती कशात?

बाईंनी मला स्टुलावर बसवून समजावलं. हिरडी बधिर करायची आणि दर फटीजवळच्या हाडाला तीन बारीक भोकं पाडायची. दुखावलेलं हाड भरून यायला लागतं, तेवढा काळ ते जरा नरम असतं, दाताला वाट देतं.

"म्हणजे लवकर होईल?"

"काहींचं होतं. काहींत फारसा फरक दिसत नाही. आणि फरक पडला तरी तो थोडे महिनेच टिकतो."

"मग करायचं कशाला?"

"ते तिने ठरवलंय."

मी मुलीकडे पाहिलं. चोवीस वर्षं हिला 'आवर लवकर' याशिवाय मी काही म्हटलं असेल तर आठवत नाही. आणि आज ती आवरत होती, तर मला 'थांब' म्हणायचं होतं. का, ते सांगता येईना. मी स्टूल मागे सरकवून बाईंना वाट करून दिली.

अर्ध्या तासात सहाही पाडून झाली. घरी हे म्हणाले, "गोगलगाईला चाबूक मारून काय मिळणार?" ओठ बधिर असल्याने तिला उत्तर देता आलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग दर रविवारी फट मोजायला ती कामावरचं मापयंत्र धुऊन घेऊन आरशापुढे उभी राहायची. पहिले दोन महिने डावा सुळा सरकला, उजवा ढिम्म. मी विचारलं, उजवीकडची भोकं वाया गेली का? "काय माहीत." चौथ्या महिन्यात डावा थांबला आणि उजवा चालू लागला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, भोकांचा असर एव्हाना ओसरला असणार. मग हा आता कशाने चालतोय? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. सुळा सरकला की मला हायसं वाटायचं आणि लगेच मी कॅलेंडरात जहाजाची तारीखही बघायचे. अडला तरी तेच. मला नक्की काय हवं होतं, हे कोणी विचारलं नाही म्हणून निभावलं.

रुजू व्हायला अठरा दिवस उरले असताना दोन्ही फटी बुजल्या. तारा निघाल्या. बाईंनी उपचार संपल्याचं पत्र लिहून दिलं.

"भोकांमुळेच झालं ना?" मी विचारलं.

"असेल. किंवा तिचं हाडच तसं असेल. पाडली नसती तर काय झालं असतं, ते आता कसं सांगू?"

परवा ती निघते. दात परत फिरू नयेत म्हणून बाईंनी एक पारदर्शक साचा दिलाय, रोज रात्री घालायचा; तो असेपर्यंत काही खायचं नाही. बॅग भरताना मी म्हटलं, "विसरू नकोस, रात्री."

"रात्रपाळी असली तर?"

"मग दिवसा घाल."

"दिवसा जेवणार कधी?"

"तुझी रात्र नक्की कधी असते तिकडे?"

तिने हातातला मोजा बॅगेत टाकला. "झोपेन तेव्हा, आई," ती म्हणाली आणि हसली, सगळे दात दाखवून. मला ती क्षणभर कोणा दुसऱ्याचीच मुलगी वाटली. "तू रोज कळव, तुझी रात्र कधी आहे ते," मी म्हटलं. ती म्हणाली, बघते.