पडद्यावर उमटलेला नंबर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. काल मॅच बघताना टीव्हीच्या कोपऱ्यात सेट-टॉप बॉक्सचा नंबर क्षणभर उमटला आणि घास हातातच राहिला. विश्रांतवाडीत केबलची कामं करायचो तेव्हा एका हॉटेलात, धंद्याच्या जागेसाठीचं महागडं कनेक्शन टाळायला, मी चोरून स्वस्तातला घरगुती बॉक्स लावून दिला होता, तोही समोरच्या शिंपीचाचांच्या नावावर. त्यांच्या घरचा बॉक्सही मीच बसवला होता, तेव्हा घेतलेली आधारची झेरॉक्स माझ्याकडे होतीच. त्या दिवशीही मॅच होती, हॉटेल भरलेलं, तळणाचा धूर डोळ्यांत जात होता, आणि कंपनीची दोन माणसं चहा समोर ठेवून नुसती पडद्याकडे बघत होती. कंपनीने सिग्नल सोडला की प्रत्येक बॉक्स आपापला नंबर दाखवतो, हे मला ठाऊक होतं. नंबर उमटला. एकाने फोटो काढला, फोनवर तो नंबर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं आणि चाचांना बोलावणं धाडलं. ते गळ्यात टेप तशीच ठेवून आले. "साहेब, माझा एकच बॉक्स, तो घरी. बायको अंथरुणाला खिळलीय, तिच्यासाठी घेतलाय." "मग हा काय चालत आला इथं?" चाचा माझ्याकडे वळले. "अहो, हा इथला तुम्हीच बसवलात ना? दुकानातून बघितलं होतं मी. सांगा यांना." मी पडद्याकडे बघत म्हणालो, "इथला मी नाही लावला." "विसरला असाल आपण," ते हळूच म्हणाले. तिथूनच फोन गेला आणि त्यांच्या नावावरचे दोन्ही बॉक्स बंद झाले, घरचासुद्धा. चाचांचं दुकान अजून तिथंच आहे. त्यांच्यासमोर उभं राहून "तो बॉक्स मीच लावला होता" एवढं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.