बोललं की गुण जातो

ती घटना आठवली की आधी आठवतो तो चहा, जो मी प्यायलो नाही. विषबाधेच्या चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्यानं त्याच घरातला चहा घ्यायचा नसतो, हे प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही. जिवाच्या भीतीनं ते आपोआप कळतं.

लोहारा तालुक्यातलं एक गाव. तिथला एक तरुण, उसाच्या ट्रॅक्टरवर चालक, राहत्या घरी कोसळला. रुग्णालयाकडून ठाण्याला एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्याच प्रकरणाची, सूचना आली: चेहरा लालभडक, उलट्या, रक्तदाब खाली गेलेला, बेशुद्ध, विषबाधेचा संशय. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेत होता, तेवढ्यात गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, म्या सांगितलं म्हनू नका. पन त्याची आई गावभर सांगत फिरायली, सुनेनं कालवणात कायतरी टाकलं म्हनून. डोळ्यानं बघितलंय म्हनती."

कारणही तयार होतं. गडी रोज प्यायचा. दारुड्या नवऱ्याला विटलेली बायको. मी मनातल्या मनात कलम लावूनही मोकळा झालो होतो.

बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, त्यांच्या घरी जावं लागतं. महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी गेलो. भूकंपानंतर सरकारकडून मिळालेलं दोन खोल्यांचं घर. सुनेनं मुकाट्यानं चहा पुढं ठेवला. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाहेर बाजेवर बसलेली सासू म्हणाली, "बरं केलं साहेब. तिच्या हातचं पिऊच नका."

झडतीत हळदीच्या डब्यात एक पुडी सापडली. आत पांढरी भुकटी, तोंडाला लाल दोरा. पंचांसमक्ष जप्त करून ती सील केली आणि सुनेला विचारलं, हे काय आहे? ती मिठाची गुळणी धरून बसली. महिला शिपायानं समजावून पाहिलं, मी आवाज चढवला, अटकेची भीती घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना मारायला न्हाय टाकलं. पन काय टाकलं ते मला बोलता येत न्हाय." मग दाराकडं बघून हळूच म्हणाली, "आत्याबाईंना बी इचारा. त्या चहात काय टाकतेत?"

आता आली का पंचाईत! सासूचं बोट सुनेकडं, सुनेचं सासूकडं. मला आधी दोघींचाही संशय आला, मग दोघी मिळून नाटक करतायत की काय असा तिसराच. कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

मी बाजेवर सासूजवळ जाऊन बसलो. लपवाछपवी करणारा माणूस हाताला काम शोधतो, हा माझा अनुभव. म्हातारीनं कमरेची चंची काढून पान जुळवायला घेतलं. एका कप्प्यातून सुपारी काढली, दुसऱ्यातून चुना. तिसऱ्या कप्प्यावर मात्र तिनं अंगठा दाबून धरला होता. एका हातानं पान जुळत नाही, तरी तो अंगठा हलेना. मी महिला शिपायाला खूण केली. कप्प्यातून निघाली तशीच पुडी. तीच भुकटी, तोच लाल दोरा.

म्हातारीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "आजी, पोरगा तिकडं मरणाच्या दारात आहे. पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळलं तरच काही करता येईल."

"बोललं की गुण जातो, साहेब."

"कसला गुण?"

"औषधाचा. दारू सुटायच्या." आणि ती रडायला लागली.

आतून सून दाराशी आली. सासूकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी बी?"

आठवडी बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. ही भुकटी पिणाऱ्याला न सांगता खाण्यातून द्यायची आणि कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर गुण जातो, असं तो प्रत्येकीला बजावायचा. दोघी वेगवेगळ्या बाजारी त्याच्याकडं गेल्या. सून कालवणात टाकायची, सासू चहात. दोघींनी एकमेकींना टाकताना पाहिलं. दुसरीच्या पुडीत विषच असणार, अशी दोघींची खात्री.

मी जागेवरूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनाही अशाच कशाची तरी शंका होती. म्हणाले, "हा झाडपाला नसणार. दारूवर देतात त्या गोळ्या कुटून विकत असतील. त्या पोटात असताना दारू घेतली की माणूस असा उलटतो. आम्ही त्या देतो, पण तपासून, रोग्याला सांगून. इथं दुप्पट गेल्या, वर दारू." पुढं प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. त्या दिवशी मात्र उपचाराला दिशा मिळाली आणि गडी वाचला.

तो शुद्धीवर आल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. त्याचं पहिलंच वाक्य, "साहेब, मला घरी धाडू नका. दोघी मिळून मला मारायल्यात. ताट ठेवून टक लावून बघतेत. जेवलं की जीव घाबराघुबरा होतो. त्या भेवानं आजून प्यायचो."

मी दोघींना आत बोलावलं आणि म्हणालो, सांगा आता तुमच्या तोंडानं. सांगताना म्हातारी त्याचे पाय दाबत होती. तो छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्या गेलतो की सरकारी दवाखान्यात, दारू सोडायला. डॉक्टर म्हनले, घरचं मानूस सोबत आन. कुनाला आनू? माझा दोघींवर बी भरोसा न्हवता."

मला खरंच वाईट वाटलं. एका छपराखाली तिघं, तिघांना एकच गोष्ट हवी, आणि तिघंही एकमेकांपासून चोरून तिच्या मागं लागलेले. दोघींचा इरादा मारण्याचा नव्हता, असा अहवाल मी वरिष्ठांना पाठवला. बाजारातल्या त्या भामट्यावर गुन्हा दाखल केला. त्याला पकडल्यावर त्यानंही आधी गुपिताचीच भाषा केली. ठाण्यात ती चालत नाही.

नोकरीत मी संशयावर पोट भरलं. संशय घेणं आमचं कामच. पण घरात तो शिरला की औषधाचंही विष होतं, हे या प्रकरणानं मला शिकवलं. दारू हा आजार आहे आणि त्यावर सरकारी रुग्णालयात इलाज आहे, हे तेव्हापासून मी दारुड्यांच्या घरच्यांना सांगत आलो. घेऊन जा, पण त्याला सांगून घेऊन जा.

त्या गड्याची दारू काही एका फेरीत सुटली नाही, मध्ये तो घसरलाही. पण व्यसनमुक्ती विभागातला पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी मुद्दाम सोबत गेलो होतो. त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. डॉक्टरांनी विचारलं, "तुला सोडायची आहे का?" दोघी एकदम बोलायला लागल्या. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय. पन ह्ये मला आजपातूर कुनी इचारलंच न्हवतं."