जुमाकादिरचे हजार दणके

साखरेच्या दुखण्यात जुमाकादिरचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होताच, आता उजव्याच्या अंगठ्याला जखम झाली. कोचकोर गावच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "आजोबा, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर हाही जाईल. चालता येत नाही ना? मग हात चालवा."

कुरणावरच्या किर्गिझ म्हाताऱ्याला हे काय सांगायचं? तंबूच्या दाराशी घोडीच्या दुधाचा कातडी बुधला असतोच. लाकडी दांड्याने घुसळून दूध आंबवलं की झाला कुमिस. आत येईल त्याने चार दणके द्यायचे, ही रीत. जुमाकादिरने रीतच मोडली. गाद्यांच्या चवडीवर बसून रोज हजार दणके एकटाच द्यायचा, पाहुण्यांना दांड्याला हात लावू देईना.

"अहो, माणसं रुसतील," बायको बुरुल म्हणाली.

"रुसू देत. त्यांचे पाय शाबूत आहेत."

दोन महिन्यांनी बोट टोचलं. यंत्रावर साखर पंधरा, तिकडच्या मापाने. हवे होते सात. बुरुलने स्वतःचं बोट टोचून पाहिलं, तर पाच. यंत्र धडधाकट होतं.

"घुसळताना मधे काय पिता?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बिनसाखरेचा चहा."

"आणि चाखता ते?" बुरुल हळूच म्हणाली.

"चाखणं म्हणजे पिणं नव्हे."

त्याला खरंच तसं वाटत होतं. न चाखता दूध आंबलंय हे कळणार कसं? दर शंभर दणक्यांना एक वाटी. म्हणजे दिवसाला दहा वाट्या, तेही धड न आंबलेलं गोड दूध, वर औषधी म्हणून. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आपला पाय आपणच घालवत होतो, हे जुमाकादिरच्या पचनीच पडेना.

घरी आल्यावर त्याने बुधला धुऊन घेतला. "पाणी भर."

"पाणी? लोक वेड्यात काढतील."

"भर म्हणतो ना."

महिन्याभराने दणके ऐकून शेजारचा एशिमकुल आत आला. सवयीने वाटी पुढे केली. जुमाकादिरने खूण केली तशी बुरुलने बुधल्यातलंच ओतलं. एक घोट घेतला आणि एशिमकुलचे डोळे विस्फारले.

"हे पाणी आहे. किर्गिझ माणूस पाणी घुसळतो? लाज नाही वाटत?"

"वाटते," जुमाकादिर दणके न थांबवता म्हणाला. "पण सकाळी साखर सात निघाली. जखमेवर खपली धरलीय."

एशिमकुलने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग वाटी तोंडाला लावून तळापर्यंत रिकामी केली आणि मिशा पुसल्या.

"झकास जमलंय," तो म्हणाला.