बांगडीवरचा ब्रश

मे १९९४, शनिवार. लेकीच्या दातांची तार आवळून घ्यायला आम्ही दोघी अंबरनाथहून उल्हासनगरच्या दवाखान्यात गेलो होतो. तार तुटेल या भीतीने तीन महिने मी तिला ब्रश लावू दिला नव्हता. बोटाने दंतमंजन, बस्स. डॉक्टरांनी तिच्या दातांवरचे पांढरे डाग दाखवले. "ही किडीची सुरुवात आहे. असंच चाललं तर तार काढावी लागेल."

बाहेर बाकावर एक सिंधी बाई मुलाचा नंबर यायची वाट बघत बसली होती. माझा उतरलेला चेहरा बघून तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. ती चक्क हसली. पर्समधून मुलाचा छोटा ब्रश काढून तिने स्वतःच्या बांगडीवर धरला. आधी वरून तिरका, मग खालून, सावकाश. "ऐसे. हर खाने के बाद. तार तो लोहे की है बहन, नरम तुम्हारा हाथ है."

टोमणा लागला, पण पटला. तिचं नाव विचारायचं राहिलं. उपकार मात्र विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला खिडकीच्या उजेडात उभं केलं.

"आई, तुटेल गं!"

"तुटली तर दुसरी लावू. दात दुसरे येणार नाहीत," म्हटलं आणि तिची हनुवटी धरली.