लाटणं कानाला लावून

यंत्राचा आवाज मला कळतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण मी बढाई म्हणूनच सांगते आहे. उगाच खोटं कशाला बोलू? माझ्या वडिलांची बेळगावात पिठाची गिरणी होती आणि आमचं घर गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. पट्टा सैल झालाय की दगडाला टाकी लावायची वेळ आलीय, हे मला आवाजावरून कळायचं. वडील गिरणीतून ओरडून विचारायचे, "काय म्हणतेय गं?" आणि मी चुलीपुढून उत्तर द्यायची. माझं उत्तर चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

लग्न होऊन बंगळूरला आले, मल्लेश्वरममध्ये. सासरची माणसं मराठी खरी, पण कित्येक पिढ्या इथलीच. थोडं म्हणायचं तिथं 'स्वल्प' म्हणत, बरं म्हणायचं तिथं 'सरी'. घरात आम्ही चौघंच. सासूबाई, आमचे हे, मी, आणि यांची थोरली बहीण. तिला घरीदारी सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

अक्का विसाव्या वर्षी विधवा झाली. सासर कोलारचं. नवरा गेल्यावर वर्षभर तिनं तिथं दिराच्या घरात काढलं आणि एक दिवस जावेनं तिला भरल्या ताटावरून उठवलं. खरकट्या हातानं ती तशीच स्टेशनवर आली, असं सासूबाई सांगायच्या. तेव्हापासून घरातलं सगळं धुणं तिचं. मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता. सकाळी सहाला तिनं पहिला पिळा आपटला की शेजारचे मास्तर दाढी करायला बसत. धुण्याच्या सोड्यानं तिच्या हातांना अशा भेगा पडल्या होत्या, की कोशिंबिरीत मीठ कालवताना तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. मला ते बघवत नसे.

म्हणून ते यंत्र आलं. साठ साल नुकतं उलटलं होतं. कँटोन्मेंटातला एक गोरा साहेब मायदेशी चालला होता आणि त्याच्या बंगल्यात सामानाचा लिलाव होता. हे खुर्च्या बघायला निघाले, मी बरोबर गेले. व्हरांड्यात ते उभं होतं. पांढऱ्या एनॅमलचं गोल पिंप, आत मधोमध पाती लावलेला दांडा, तो एकदा इकडे फिरायचा, एकदा तिकडे. वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. मी यांना म्हटलं, "अहो, खुर्च्या राहू देत."

घरी आणून लावलं आणि ते बोंबलायला लागलं. सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "साहेब उगीच नाही टाकून गेला," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, त्याचं एक टोक यंत्राच्या पोटाला लावलं आणि दुसरं कानाला. आमचे हे गालातल्या गालात हसले, आवाज न करता. पण लाटण्यातून आवाज असा स्वच्छ येतो, की यंत्र कानात येऊन बोलतंय असं वाटावं. मोटर गुणगुणतेय आणि दांडा हलत नाही, म्हणजे पट्टा घसरतोय. तो ताणला. मग अख्खं यंत्र थडथड नाचू लागलं. चारपैकी एक पाय अधांतरी होता, त्याखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा सारला. मग चिमणीसारखी चिवचिव. तिला शिवणयंत्राचं तेल चार थेंब. चौथ्या दिवशी यंत्र मांजरासारखं घुरघुरायला लागलं आणि मी घरभर मिरवले. मिरवू नको तर काय करू?

कपडे गोळा करायचे, वेगळे करायचे, भिजवायचे हे काम अक्काकडे राहिलं. पुढचं यंत्राचं आणि माझं. अक्का दोन हात मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहायची. मला वाटायचं, बरं झालं, बाईला जरा विसावा मिळाला.

पंधरा दिवसांनी टिफिनच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे हो. असंच चालत राहिलं तर संक्रांत झाल्यावर अक्काला कोलारला धाडीन म्हणते. जावेला आता होत नाही, त्यांनाही हात हवाय. मी तरी किती दिवस पुरणार? तिच्या सासरच्यांनीही स्वल्प बघावं."

अक्का उपिटावर लिंबू पिळत होती. "सरी," एवढंच म्हणाली.

मी तिथेच बसले होते. सगळं ऐकलं. आणि खरं सांगते, त्यातलं 'यंत्र चांगलं आहे' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. सासूबाईंच्या तोंडून माझ्या यंत्राचं कौतुक! मी आणखी एक कप कॉफी घेतली.

त्यानंतरच्या धुण्याला तो आवाज सुरू झाला.

धब्. दांडा इकडून तिकडे वळताना धब्. मोठा नव्हता, पण सासूबाईंना बैठकीत ऐकू जाईल एवढा होता. मी लाटणं लावलं. आणि काय सांगू, मला काही कळेना! सुट्या लोखंडाचा आवाज खणखणीत असतो, हा बोथट होता. बेअरिंग गेलं की ते एकसारखं रडतं, हे मधूनच उचकी द्यायचं. पाय तपासले, पट्टा काढून परत घातला, मागचं झाकण उघडून एकूण एक बोल्ट आवळला. रिकामं चालवलं, गप्प. नुसतं पाणी घालून चालवलं, गप्प. कपडे घातले की धब्.

यांनी कारखान्यातला एक फिटर आणला. त्यानं लांबूनच ऐकून सांगितलं, बेअरिंग. मी म्हटलं, "दादा, बेअरिंग असतं तर रिकामं चालताना काय मौनव्रत धरतं का?" तो रागावून चहा न घेता गेला. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझा कान राहू दे बाजूला. आणखी एक धुणं बघू, नाहीतर विकून टाकू हे धूड. दगड कुठं गेलेला नाही आणि दगड कधी बिघडत नाही."

जळ्ळं मेलं ते यंत्र! मला रात्री जेवण गेलं नाही. गिरणीवाल्याची मुलगी मी, आणि एका पिंपाला हरायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. रिकामं असताना आवाज नाही, म्हणजे दोष यंत्रात नाहीच, कपड्यांत आहे. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आठ दिवस आली नव्हती, कारण मी यंत्राकडेच बघत बसले होते. अक्कानं भिजवलेलं धुणं टाकलं आणि यंत्र चालू केलं. धब्. बंद केलं, यांचा सदरा काढला, परत चालू. धब्. पलंगपोस काढला. धब्. टॉवेल, माझी पातळं, उशीचे अभ्रे, एकेक काढत गेले. शेवटी तळाशी एकच उरलं, अक्काचं पांढरं लुगडं; आवाज सुरू झाल्यापासून ते प्रत्येक वेळी तीच उपसून हातानं पिळत होती. धब्.

ते उपसलं. पदराच्या टोकाला गाठ होती, दुहेरी. ती दातांनी सोडवली. आत फ्लॅनेलची चिंधी, तिच्या आत जुन्या बनियनचा तुकडा, त्याच्या आत अक्काचा पाय घासायचा काळा गोटा.

मागच्या दारात अक्का उभी होती. दोरीवर कपडे टाकायची काठी तिच्या हातात होती.

माझा पारा असा चढला! "अक्का, हे काय? आठ दिवस मी जीव काढतेय इथं!"

"मोडू नये म्हणून बांधला गे," ती हळूच म्हणाली. "तीन पदर गुंडाळले. पांढऱ्या रंगाला चरा जाऊ नये. नुसता आवाज व्हावा, एवढंच."

"पण कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच कळलेलं नाही, हे बहुतेक तिला खरं वाटेना. मग म्हणाली, "त्या घरात मला परत नको पाठवू. मी धुते गे. माझे हात चांगले आहेत."

तिनं दोन्ही हात पुढे करून दाखवले. तीन आठवड्यांत भेगा भरत आल्या होत्या. उपिटावर लिंबू पिळणारी अक्का मला तेव्हा कुठे दिसली. माझा कान मेला कशाच्या कामाचा? तिचं 'सरी' त्यानं ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"सापडलं का गं काही?" सासूबाई आतून विचारत होत्या.

गोटा मी कमरेला खोचला. आवाजाचं खोटं निदान मी तेवढं एकदाच सांगितलं, आणि छाती पुढे काढून सांगितलं. "सापडलं, आई! कपडे घालण्यात चूक होत होती. एका बाजूला भार पडला की दांडा हिसका देतो. या यंत्रापाशी सारखं एक माणूस हवं. कपडे बघून घालणारं, कान देऊन बसणारं. मला स्वयंपाक सोडून ते जमायचं नाही. अक्काचा हात बसलाय, तीच करेल."

"मग हिला कोलारला कशी धाडू?"

"नाहीच धाडायची. अक्का गेली तर यंत्र विका."

सासूबाईंनी बाहेर येऊन यंत्राकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "सरी." त्यांनाही मनातून धाडायचं नसावं, असं मला पुढे वाटू लागलं. पण तेव्हा मी वाद घालायच्या तयारीत होते, आणि वाद झाला नाही म्हणून थोडी हिरमुसलेच.

अक्काला मी लाटणं धरायला शिकवलं. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा पुढे गेली, हे मला कबूल करावं लागतं. पट्टा घसरायच्या आदल्या धुण्यालाच ती सांगायची, उद्या घसरेल. शेजारच्या मास्तरांकडचा पंखा, समोरच्यांचं शिवणयंत्र, कुठं काही कुरकुरलं की बोलावणं अक्काला. ती पदर सावरून लाटणं घेऊन निघायची, डॉक्टरांसारखी. मी दारात उभी राहून म्हणायची, "विद्या माझी, मान हिला!" ती हसायची. यंत्र आठ वर्षं चाललं. मधे सासूबाई गेल्या आणि घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या.

मग एका सकाळी दांडा जागच्या जागी करकरला. अक्कानं लाटणं लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "आतली दातेरी चाकं गेली. आता नाही व्हायचं." मीही ऐकलं. तिचं निदान बरोबर होतं. ते सुटे भाग इथं मिळणारे नव्हते. दोन दिवसांनी भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि यंत्र दोरीनं बांधून घेऊन गेला.

फाटक लावून मी वळले, तर अक्का पुढच्या दारात उभी. धुतलेलं लुगडं, नीट विंचरलेले पिकले केस, आणि पायाशी तिची पत्र्याची पेटी.

"दीर आहे अजून कोलारात," ती म्हणाली. "तू सांगशील त्या गाडीनं जाते."

आठ वर्षं मी त्या बाईबरोबर एका ताटात शेंगा सोलल्या होत्या. आणि आठ वर्षं ती माझ्या घरात त्या यंत्राच्या जिवावर राहत होती. नाही, माझ्याच जिभेनं मी तिला तसं ठेवलं होतं. अक्का गेली तर यंत्र विका, हे मी म्हटलं होतं ना? तिनं ते उलट्या बाजूनंही ऐकून ठेवलं होतं.

"अक्का!" मी अशी ओरडले की मास्तर खिडकीत आले. "ती पेटी आधी आत ठेवा! यंत्रासाठी ठेवून घेतलं होतं का तुम्हाला? घर तुमचं आहे, माझ्याआधीपासून तुमचं आहे!"

ती हलेना. मग मीच पेटी उचलली. काही वजन नव्हतं तिला. आत नेऊन उघडली. दोन लुगडी, देवाची छोटी तसबीर, आणि वर जुन्या पंच्यात गुंडाळलेलं माझं लाटणं. ते मी काढून घेतलं. "चपात्या कशानं लाटायच्या आता मी?" असं तिला दरडावून विचारायला गेले, आणि मलाच रडू फुटलं. अक्का आली, माझ्या हातातलं लाटणं घेऊन तिनं धुतलं आणि कणीक मळायला बसली.